वास घेतला, बरोबर आहे

संस्थेत समोरासमोर सगळे त्यांना ‘काका’ म्हणायचे आणि पाठ वळली की ‘नाकोबा’. हे दुसरं नाव आपल्या कानावर कधी पडलंच नाही असं ते दाखवायचे, पण घरी आल्यावर बायकोला हमखास सांगायचे, “आज पुन्हा नाकोबा म्हणाले मला.” सूर तक्रारीचा, पण मिशा खुशीत हलत असायच्या. आपणही त्यांना नाकोबाच म्हणू. त्यांची त्याला ना नव्हती, निदान तेव्हा तरी.

संस्था औषधी वनस्पतींवर संशोधन करायची. लोक पिढ्यानपिढ्या जो पाला आणि ज्या मुळ्या उकळून पितात, त्यांचा खरोखर गुण येतो की नुसतंच मनाचं समाधान, आणि गुण येत असला तरी यकृत-मूत्रपिंड बिघडत नाही ना, हे तिथे बघायचे. आधी काचेच्या नळ्यांत, मग उंदरांवर, आणि सगळं जुळून आलं तर पुढे कधीतरी माणसांवर. पण या सगळ्याच्या आधी एक साधी गोष्ट ठरावी लागते. पोत्यातून आलेलं पान हे तेच पान आहे का? विकणारा काय, हाताला लागेल ते पोत्यात कोंबतो, कधी मुद्दाम तर कधी अजाणता. आणि पान वाळून त्याचा चुरा झाला की भल्याभल्यांना ओळखू येत नाही. तिथे नाकोबा लागायचे.

तळमजल्यावर मागच्या बाजूला त्यांची कोठी होती. लांबट खोली, दोन्ही भिंतींना लोखंडी मांडण्या, त्यांवर घट्ट झाकणांच्या बरण्या, खाली लाकडी फळ्यांवर रचलेली पोती आणि खिडकीशी एक डुगडुगतं टेबल. नवं पोतं आलं की नाकोबा सकाळी उपाशीपोटी ते उघडत, मूठभर माल पांढऱ्या ताटलीत घेत, तळहातावर चुरगळत आणि डोळे मिटून नाकाशी नेत. मग एक चिठ्ठी लिहून पोत्याला लावत: ‘वास घेतला, बरोबर आहे.’ खाली लांब शेपटीची सही. त्याच मालातली मूठभर एका बरणीत भरून तिलाही तशीच चिठ्ठी लावत, म्हणजे पुढेमागे शंका आली तर मूळ माल हाताशी असावा. चिठ्ठी लागली नाही तर पोतं आल्या पावली परत. विकणाऱ्याने आईबापांच्या शपथा घेतल्या तरी उपयोग नसायचा.

नाकोबा मुळात लागले होते पोती उचलायला. तेव्हाच्या म्हाताऱ्या वनस्पतीतज्ज्ञांनी त्यांना हाताशी धरलं आणि ही विद्या शिकवली. त्यांची तंबाखू सोडवली, डोक्याचं वासाचं तेल सोडवलं आणि दोन नियम घालून दिले. वास घेताना बोलायचं नाही. आणि तसूभर जरी शंका असली तरी चिठ्ठी लावायची नाही. पहिला नियम नाकोबांनी शेवटपर्यंत पाळला.

खरं म्हणजे कागदावरच्या नियमाप्रमाणे प्रत्येक पोत्याची परीक्षा वरच्या प्रयोगशाळेतही व्हायला हवी होती. मालाचा अर्क काढायचा, काचेच्या पट्टीवर चढवायचा, की त्यातले घटक वेगवेगळ्या उंचीवर रंगीत रेघांसारखे दिसतात. खऱ्या मालाच्या रेघांशी त्या जुळल्या की झालं. काम अर्ध्या दिवसाचं. पण पहिल्या पोत्याची पट्टी करायची आणि पुढच्या पोत्यांना काकांचं नाक, अशी रीतच पडून गेली होती. “काकांची चिठ्ठी आहे ना? मग पट्टी कशाला?” ही रीत कुणी घालून दिली नव्हती, पण मोडतही कुणी नव्हतं. नाकोबांना तर ती फार गोड वाटायची.

घरात मात्र या नाकाने सगळ्यांच्या नाकीनऊ आणले होते. स्वयंपाकघरात दूध खालून जरासं लागलं, की बाहेरच्या खोलीतून आवाज यायचा, “लागलं गं!” टॉवेल ओलसर राहिला तर तेही यांना कळायचं, शेजाऱ्यांनी दाराला रंग दिला तर तेही. जेवायला बसले की पहिला घास तोंडाआधी नाकाशी. सून नवी होती तेव्हा ताट वाढून आत जायची आणि ओट्याशी उभी राहून निकालाची वाट बघायची. निकाल बहुतेक नापासच असायचा. “तेल जुनं वापरलंस,” किंवा “कांदा करपलाय, पण असू दे.” त्या ‘असू दे’वर ती पोरगी कितीतरी वेळा रडली.

आणि मग अडीचएक वर्षांपूर्वी नाकोबांना ताप आला. साधाच, चार दिवसांचा. ताप गेला, सर्दी गेली, आणि जाताना वासही घेऊन गेली.

आधी त्यांना वाटलं, नाक चोंदलंय, उघडेल. त्यांनी साबण हुंगला, रॉकेल हुंगलं, एकदा तर मोरीत दार लावून स्वतःचे मोजे हुंगले. पाण्याचा पेला हुंगावा तसं सगळं. शेवटी आपल्या गावातल्या डॉक्टरकडे न जाता ते बस पकडून दूरच्या गावी गेले, आणि तिथे नाव सांगितलं मेव्हण्याचं. डॉक्टरांनी विचारलं, “काम काय करता?” हे म्हणाले, “शिंपी आहे.” डॉक्टर म्हणाले, “मग काही अडत नाही तुमचं. काहींचा वास परत येतो, काहींचा येत नाही. वाट बघा.” नाकोबा बसमध्ये खिडकीशी बसून वाट बघत परत आले. तेव्हापासून बघतच होते.

घरात या काळात आनंदीआनंद होता. आपलं बिंग फुटू नये म्हणून नाकोबा ताटात पडेल त्याला “छान झालंय” म्हणू लागले. सून फोनवर आईला सांगायची, “अगं, सासरे अगदी बदलले माझे. वयाने माणूस निवळतो म्हणतात ते खरंय.” एकदा तिच्या हातून दूध असं काही लागलं की शेजारची बाई काय जळतंय म्हणून दारात आली. नाकोबा त्याच दुधाचा पेला हातात घेऊन म्हणाले, “छान आहे.” सुनेचे डोळे भरून आले. एवढा समजूतदार सासरा कुणाला मिळतो? नाकोबांनी खाली मान घालून पेला संपवला. बायको दाराच्या चौकटीला टेकून त्यांच्याकडे बघत होती.

तुम्ही म्हणाल, सांगून का टाकलं नाही? माणसाचे डोळे जातात, कान जातात, गुडघे जातात, त्यात लपवण्यासारखं काय? पण डोळे गेलेल्याला लोक हात धरून नेतात. वास गेलेल्या नाकोबाला कुणी काय म्हणून ठेवून घ्यायचं? पोती उचलायचं वय सरलं होतं आणि निवृत्ती दोन-तीन वर्षांवर होती. शिवाय पहिल्या दिवशी सांगायची गोष्ट दहाव्या दिवशी सांगणं अवघड, आणि सहा महिन्यांनी सांगणं म्हणजे सहा महिन्यांचं खोटं पदरात घेऊन सांगणं. दर चिठ्ठीगणिक ते खोटं थोडं जड होत गेलं.

बरं, काम निभत होतं. मूळ मोडताना होणारा आवाज, सालीचा खरखरीतपणा, बी दाताखाली कसं फुटतं, हे सगळं त्यांच्या बोटांत मुरलेलं होतं. संस्थेत कुणी पाहुणे आले की मोठे साहेब त्यांना कोठीत आणायचे, नाकोबांच्या डोळ्यांवर रुमाल बांधायचे आणि एकेक वाटी पुढे करायचे. नाकोबा चिमूट उचलून नाकाशी नेत, पण नेता नेता बोटांनी ती चाचपलेली असायची. नाव बरोबर यायचं. टाळ्या पडायच्या. रुमाल सोडताना त्यांच्या कानाच्या पाळ्या तापलेल्या असत. लोकांना वाटायचं, काका लाजले. लाजलेच होते.

पण पानांच्या चुऱ्यापुढे बोटांचं काही चालत नाही.

संस्थेत एक संशोधक बाई होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. कुंपणावर चढणाऱ्या एका वेलाच्या पानावर त्या चार वर्षं काम करत होत्या. ते पान चावून खाल्लं की रक्तातली साखर उतरते असं लोक म्हणतात, आणि मॅडमच्या उंदरांची साखर खरोखरच उतरली होती. आता राहिलं होतं ते सुरक्षिततेचं काम: जास्त मात्रेत, बरेच महिने देऊन काही अपाय होतो का ते बघायचं. त्यासाठी एक मोठं पोतं मागवलं होतं. अडचण एवढीच की त्याच कुंपणांवर आणखी एक वेल चढतो, पहिल्याचा जुळा भाऊ असावा असा. वाळलेली पानं शेजारी ठेवली तर त्यांच्या आयांनाही ओळखू येणार नाहीत. फरक फक्त वासाचा. खरं पान चुरगळलं की ताज्या काकडीचा वास येतो. इतका सरळ, इतका उघड वास, की कुणालाही यावा.

त्या सकाळी नाकोबांनी तळहातावर ते पान चुरगळलं आणि डोळे मिटले. काहीच नाही. पुन्हा चुरगळलं, पुन्हा हुंगलं. पोत्याची शिवण नेहमीची, विकणारा नेहमीचा, रंगही तोच. मॅडम दारात येऊन उभ्या होत्या. काका वास घेत असताना बोलायचं नाही हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्या गप्प होत्या आणि नुसती चुळबुळ करत होत्या. शेवटी न राहवून म्हणाल्या, “झालं का हो काका? उंदीर तयार आहेत माझे.”

नाकोबांनी चिठ्ठी लिहिली. वास घेतला, बरोबर आहे.

काही महिन्यांनी उंदीरघराचा रखवालदार चहाच्या वेळेला कोठीत आला. त्या दोघांची जुनी दोस्ती होती. स्टुलावर बसत तो म्हणाला, “काका, तुमच्या मॅडमचे उंदीर काही खरे नाहीत. कोपऱ्यात अंग फुगवून बसतात. कान पिवळे पडलेत बघा.”

“थंडीने असेल,” नाकोबा म्हणाले.

“थंडीने कान पिवळे होतात होय? कावीळ आहे ती. दोन गेलेसुद्धा आज.”

नाकोबांनी चहा तसाच ठेवला. पुढच्या आठवड्यात आणखी उंदीर गेले. कापून बघितलं तर यकृत सुजून ठिसूळ झालेलं. मॅडमनी त्याच पोत्यातल्या मालाचा प्रयोग नव्याने केला, आणि तेच झालं. मग त्यांनी मन घट्ट करून अहवाल लिहायला घेतला: हे पान यकृताला घातक आहे, लोकांनी खाऊ नये.

नाकोबांनी मनाची समजूत घालायची शिकस्त केली. पोतं खरंच असेल. मोठ्या मात्रेत कुठलंही पान बाधतं. आणि समजा नसलं खरं, तरी कुणाचं काय वाईट होतंय? लोक एक पान खायचं सोडतील, एवढंच ना! ही शेवटची समजूत त्यांना बरीच पटली होती. पण एक दिवस जिन्यात मॅडम भेटल्या. डोळे तारवटलेले.

“काका, माझी आई रोज ते पान खायची. परसातलाच वेल आहे. मी फोन करून बंद करायला लावलं.”

“बरं केलंत,” नाकोबा म्हणाले.

“कसलं बरं? साखर वर गेली तिची. आणि मला म्हणते, एवढी वर्षं खाल्लं तर मला कसं काही झालं नाही गं? काय सांगू तिला? माझ्याच उंदरांनी सांगितलंय ना.”

नाकोबा “हो” म्हणाले आणि कठड्याला धरून खाली आले. कोठीत जाऊन त्यांनी त्या पोत्याची बरणी उतरवली. कितीदा तरी उघडली, हुंगली, लावली. मग चिमूटभर चुरा कागदात बांधून खिशात टाकला.

घरी बायको भाजी निवडत होती. सून बाहेर गेलेली. त्यांनी पुडी तिच्यापुढे धरली. “याचा वास घे.”

“मी? का, तुमचं नाक काय गहाण पडलंय?” ती हसत म्हणाली. मग त्यांच्या तोंडाकडे बघून तिचं हसू मावळलं. तिने हात पदराला पुसले, चिमूट चुरगळली आणि हुंगली. “ओल्या गोणपाटासारखा येतोय.”

“काकडीसारखा नाही?”

“काकडीसारखा कुठला! तो वास मला ठाऊक आहे की. तुमच्या त्या मॅडमचं काम सुरू झालं तेव्हा शर्टांना यायचा. धुवायला टाकले की सगळी बादली काकडीची. हे ते नाही.” ती जरा थांबली. “पुढे तो वास यायचा बंदच झाला. मला वाटलं, संपलं असेल त्यांचं काम.”

नाकोबा खाली फरशीवर बसले. बायको म्हणाली, “तुम्हाला येत नाही ना?”

“तुला कधीपासून माहीत आहे?”

“दूध लागलं त्या दिवसापासून.”

“मग बोलली नाहीस?”

“काय बोलू? घरात पहिल्यांदाच शांतता होती,” ती म्हणाली. मग निवडलेली भाजी उगाच पुन्हा निवडत म्हणाली, “आणि मला वाटलं, आमच्यापासून लपवताय, लपवा. ऑफिसात तर सांगितलंच असेल. तिथलं काम म्हणजे खेळ नाही, असं तुम्हीच म्हणता ना नेहमी.”

ती रागावली असती, ओरडली असती तर नाकोबांना बरं वाटलं असतं. पण ती त्यांना चांगला माणूस धरून चालली होती, आणि आता तिचा तो अंदाज चुकला होता. चुकल्याचं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. एवढी लाज त्यांना उभ्या जन्मात वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते वर गेले. सांगायचं वाक्य रस्ताभर घोकलं होतं. मॅडम टेबलाशी कागद लावत बसल्या होत्या. “या काका, बरं झालं आलात. हे बघा.” त्यांनी अहवालाचं शेवटचं पान पुढे केलं. तिथे आभाराच्या चार ओळी होत्या आणि त्यांत नाकोबांचं नाव छापलेलं, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. वनस्पतीची अचूक ओळख पटवून दिल्याबद्दल. “वाईट बातमीच्या खाली आहे,” मॅडम म्हणाल्या, “पण तुमचं नाव कुठेतरी छापून यायलाच हवं होतं.”

नाकोबांनी ते पान दोनदा वाचलं आणि म्हणाले, “चहा सांगू का तुम्हाला?”

“सांगा की,” मॅडम म्हणाल्या. नाकोबांनी खाली येऊन खरंच चहा सांगितला. इतका भेकडपणा!

त्याच दुपारी कुठल्याशा महाविद्यालयाचे विद्यार्थी संस्था बघायला आले. मोठे साहेब त्यांना घेऊन कोठीत शिरले, मागून मॅडमही आल्या. खोली गच्च भरली. “आता आमचं खास यंत्र दाखवतो तुम्हाला,” साहेब म्हणाले. “याला वीज लागत नाही.” मुलं हसली. साहेबांनी रुमाल बांधला आणि पहिली वाटी नाकोबांच्या हाताशी आणली. एक साल होती. बोट लागताच त्यांना कळलं, कुठली ते. ती एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने मांजराच्या जिभेसारखी असते.

त्यांनी ती नाकाशी नेली. तेवढ्यात एका मुलीने विचारलं, “सर, पण नुसत्या वासावर एवढा भरवसा ठेवायचा का?”

“ठेवतोच आम्ही!” साहेबांचा आवाज रुमालाच्या अंधारात फार मोठा वाटला. “या मॅडमचंच उदाहरण घ्या. एका पानामुळे यकृत बिघडतं हे त्यांनी शोधून काढलं. उद्या लोक म्हणतील, कशावरून ते पान तेच होतं? तर आम्ही छातीठोकपणे सांगू, आमच्या काकांनी वास घेतला होता.”

नाकोबांनी हात खाली घेतला. सालीचं नाव जिभेवर तयार होतं. ते म्हणाले, “साहेब, मला वास येत नाही.”

खोलीत हशा पिकला. साहेब सगळ्यांत जोरात हसले. “बघा, काकांना विनोदही येतो!”

लोकांचं हसणं नाकोबांनी पूर्वीही ऐकलं होतं, पण डोळ्यांवर रुमाल बांधून, आपल्या खऱ्या बोलण्यावरचं हसणं कधी ऐकलं नव्हतं. ते संपायची वाट बघत ते उभे राहिले. मग त्यांनी स्वतःच्या हाताने रुमाल सोडला, कारण हे तोंड लपवून सांगायचं नव्हतं. “ताप आला होता तेव्हापासून येत नाही. अडीच वर्षं होतील. ही साल मी हाताने ओळखली. मॅडम, तुमचं पान हाताने ओळखू येत नाही. मी चिठ्ठी खोटी लावली. घरी बायकोला वास घ्यायला दिला, ती म्हणते, काकडीचा वास नाही त्याला.”

आता कुणीही हसलं नाही. कुणीतरी वाटी टेबलावर ठेवली, त्याचा आवाज झाला. साहेब विद्यार्थ्यांना म्हणाले, “चला, आपण वरचा मजला बघू.” जाताना त्यांनी नाकोबांकडे पाहिलंही नाही. मॅडम मात्र पुढे आल्या, मांडणीवरची बरणी उचलली आणि निघून गेल्या.

पट्टीवरच्या रेघा जुळल्या नाहीत. पोत्यात बहुतेक सगळा जुळा भाऊच होता.

मॅडम संध्याकाळी खाली आल्या तेव्हा कोठीत नाकोबा एकटेच होते. “माझं वर्ष गेलं काका,” त्या म्हणाल्या. “ते जाऊ दे. उंदीर मेले, पिवळे पडून, हळूहळू. तेही एक वेळ जाऊ दे म्हणेन मी. पण माझी आई! मी तिला घाबरवलं हो. आणखी चार दिवसांनी सगळ्यांनाच घाबरवलं असतं.” त्यांचा आवाज चढला आणि मग फुटला. “एकदा म्हणायचं होतं ना, मॅडम, या वेळी पट्टी करा. एवढंच. कारणसुद्धा विचारलं नसतं मी.”

“चुकलं माझं,” नाकोबा म्हणाले.

“पट्टी मी न विचारता करायला हवी होती. ती माझी चूक आहे आणि ती मी माझ्या नावावर लिहीन. पण ती तुमच्या चुकीत मिसळू नका. आणि हे बघा, माझं पान निदान विष म्हणून पुढे आलं. उलटं झालं असतं म्हणजे? भलतंच काहीतरी तुम्ही पास केलं असतं, उंदरांना योगायोगाने काही झालं नसतं, आणि लोकांनी खाल्लं असतं खरं समजून? या मांडणीवर तसं काही नाहीच, हे सांगता येईल तुम्हाला?”

नाकोबांनी मांडणीकडे बघितलं. ओळीने बरण्या, आणि प्रत्येकीवर त्यांचंच अक्षर.

साहेबांनी त्यांना काढलं नाही. निवृत्ती जवळ आली होती आणि संस्थेला बोभाटा नको होता. तापानंतरच्या सगळ्या बरण्यांची पट्टी करायची ठरलं. बरण्या उतरवून वर न्यायचं काम नाकोबांकडे, आणि प्रत्येक जुन्या चिठ्ठीखाली एक ओळ लिहायचं कामही: ‘या दिवशी मला वास येत नव्हता.’ खाली तीच सही. रखवालदार मित्र पहिल्या दिवशी मदतीला येतो म्हणाला, नाकोबांनी नको म्हटलं. बहुतेक बरण्या बरोबर निघाल्या. दोन निघाल्या नाहीत. त्यांतल्या एकीवरून कुणा तरुण संशोधकाने निर्धास्तपणे ‘अपाय नाही’ असं छापून आणलं होतं, ते त्याला मागे घ्यावं लागलं. तो जिन्यात भेटला की बाजूला सरून नाकोबांना वाट द्यायचा. शिवी दिली असती तरी चाललं असतं.

घरी बायकोने सुनेला सांगितलं. रात्री ताट वाढून सून आत गेली नाही, समोरच उभी राहिली. “म्हणजे एवढे दिवस ‘छान झालंय’ म्हणत होतात ते?”

“हो गं.”

“सगळंच?”

“सगळंच.”

ती आत गेली आणि भांड्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला. नाकोबा तो ऐकत जेवले. पुढचे कितीतरी दिवस ती ताट ठेवायची आणि निघून जायची. मग एकदा पहिला घास घेऊन नाकोबा चाचरत म्हणाले, “मीठ जास्त झालंय.”

ती दारातून वळली. “खरं?”

“खरं. मीठ कळतं मला. मीठ आणि तिखट, बाकी नाही.”

तिने चमच्याने चाखून पाहिलं. “झालंय खरं,” ती म्हणाली, आणि त्या दिवशी आत गेली नाही, तिथेच बसली.

नाकोबांच्या निवृत्तीला थोडे दिवस राहिले असताना मॅडमचं नवं पोतं आलं. या वेळी त्या स्वतः विकणाऱ्याबरोबर कुंपणाकुंपणाने हिंडल्या होत्या. पोतं उघडताच त्यांनी पानं तळहातावर चुरगळली, हुंगली, आणि त्यांचा सगळा चेहरा उजळला. “काका, काकडी! बघा, बघा तर!” म्हणत त्यांनी तळहात नाकोबांच्या तोंडाशी आणला.

आणि मग त्यांना आठवलं. हात मध्येच थांबला आणि हळूच मागे गेला. कुणाच्या हातात चुकून तापलेलं भांडं द्यायला जावं आणि वेळेवर मागे घ्यावं, तसा. नाकोबांना वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

“ताटली द्या,” ते म्हणाले. “मी नेतो वर.”

जिन्याच्या वळणावर कुणी नव्हतं. नाकोबा थांबले, ताटली नाकाशी नेली आणि डोळे मिटले, नियमाप्रमाणे न बोलता. खूप वेळ. मग डोळे उघडून खिशातून चिठ्ठी काढली, कठड्यावर ठेवून लिहिलं, ‘वास घेतलेला नाही. पट्टी करावी,’ आणि खाली लांब शेपटीची सही केली.